कर्त्याचा रकाना

हस्तलिखित पोथ्यांची सूची करायचं काम मी काही वर्षं केलं. त्यासाठी छापील तक्ता असे: ग्रंथनाम, कर्ता, लेखक, शक, पत्रसंख्या, दर पानी ओळी, शेरा. यातला ‘लेखक’ म्हणजे ग्रंथ रचणारा नव्हे, पोथी उतरवून काढणारा. तो बहुतेक वेळा शेवटच्या पानावर भेटायचा. ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’, समोर जसं होतं तसं उतरवलं, चुकलंमाकलं तर दोष माझ्या माथी नको. पुढे कधी गाव, कधी तिथी, कधी पाठ-कंबर-मान मोडून लिहिलंय, जपा, अशी विनवणी. पोथी सचित्र असली की चित्रं किती ते ‘शेरा’मध्ये टाकायचं आणि पुढची पोथी घ्यायची. चित्रं कुणी काढली हे लिहायला तक्त्यात जागाच नव्हती, आणि ती नाही हे माझ्या कधी डोक्यातही आलं नाही.

आलं ते मेक्सिकोतल्या एका पानामुळे.

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात ‘कोडेक्स मेंदोसा’ (कोडेक्स म्हणजे हस्तलिखित ग्रंथ) म्हणून ओळखलं जाणारं ७१ पानांचं एक बाड आहे. स्पॅनिशांनी अ‍ॅझटेकांची राजधानी तेनोचतित्लान, म्हणजे आजचं मेक्सिको शहर, जिंकली १५२१ साली. त्यानंतर वीसेक वर्षांनी त्याच शहरात नाहुआ, म्हणजे अ‍ॅझटेक ज्यातले त्या तिथल्या मूळच्या समाजाच्या, चित्रकारांनी हे बाड तयार केलं. त्यात राजांच्या स्वाऱ्या आहेत, कोणत्या गावाने किती कापड, किती पिसं, किती कोको द्यायचा याचे हिशेब आहेत, आणि शेवटी माणसाचं जन्मापासून म्हातारपणापर्यंतचं आयुष्य आहे. ७०व्या पानावर वाया गेलेली माणसं आहेत: भटक्या, चोर, चेंडू खेळणारा, फासे टाकणारा. (हा फाशांचा ‘पातोल्ली’ आपल्या पचिशीच्या इतका जवळचा की त्यावरून एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी वाद घातले होते. ते असो.) त्यांच्याच जोडीला कामाची माणसं आहेत: सुतार, रत्नं घडवणारा, सोनार, पिसांचं नक्षीकाम करणारा. प्रत्येकापुढे त्याचा मुलगा, बापाचा धंदा शिकत बसलेला. या रांगेत एक चित्रकारही आहे. हातात लेखणी, पुढ्यात रंगवायचा चौकोन, समोर पोरगा.

चित्रकाराने चित्रकार काढलाय. सगळ्या बाडात आपल्या बिरादरीसाठी त्याने एवढीच जागा घेतली.

नाहुआत्ल भाषेत या माणसाला ‘त्लाकुइलो’ म्हणतात. शब्द ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ लिहिणं आणि रंगवणं, दोन्ही. ‘लेखक’ आणि ‘चितारी’ असे दोन शब्द त्या भाषेला लागले नाहीत, कारण धंदे दोन नव्हते. विद्येसाठी त्यांची जोडी होती ‘इन त्लिल्ली, इन त्लापाल्ली’, म्हणजे काळी शाई, तांबडी शाई. शहाण्या माणसाचं वर्णन करताना काळं-तांबडं त्याचं आहे असं म्हणत. आपल्याकडेही ‘लिख्’ धातूचा जुना अर्थ ओरखडणं, रेघ काढणं असाच आहे. ‘आलेख्य’ म्हणजे चित्र, आणि एखादा थिजून उभा राहिला की आपण त्याला ‘चित्रलिखितासारखा’ म्हणतो. पण शब्दाने जे धरून ठेवलं ते आपण व्यवहारात सोडून दिलं. कारकून लिहितो, चितारी रंगवतो. एकाला मान आणि दुसऱ्याला मजुरी.

ही फारकत आपण आपल्या घरात केली ती केलीच, तीच घेऊन आपण दुसऱ्यांच्या पुस्तकांकडेही बघतो. तिथे माझा आक्षेप सुरू होतो.

या बाडाला ‘मेंदोसा’ हे नाव का? आंतोनिओ दे मेंदोसा हा न्यू स्पेनचा पहिला व्हाइसरॉय. हे काम त्याने करवून घेतलं असं मानलं जातं. बाड स्पेनच्या राजाकडे निघालं, वाटेत फ्रेंच चाच्यांच्या हाती लागलं अशी जुनी हकीकत आहे. फ्रान्सच्या राजाचा भूगोलतज्ज्ञ आंद्रे तेवे याने त्यावर आपलं नाव आणि १५५३ हे साल टाकून ठेवलं. पुढे इंग्रज रिचर्ड हॅक्लूटने ते विकत घेतलं, त्याच्याकडून ते सॅम्युएल पर्चसकडे गेलं, त्याने १६२५मध्ये त्यातली चित्रं लाकडी ठशांवरून छापली. मग जॉन सेल्डन, मग १६५९पासून बॉडलियन. करवून घेणारा, पळवणारे, सही ठोकणारा, विकत घेणारा, छापणारा, सांभाळणारा, सगळ्यांची साखळी नीट नोंदलेली आहे. पुराभिलेखाच्या भाषेत याला मालकीचा इतिहास म्हणतात आणि तो महत्त्वाचा असतोच. पण तो करणाऱ्याचा इतिहास नव्हे.

मेक्सिकोतल्या अशा बाकीच्या चित्रग्रंथांची नावं बघा. ‘बोर्जिया’ हे एका कार्डिनलचं नाव. ‘लॉड’ हा कॅन्टरबरीचा आर्चबिशप. ‘तेलेरियानो-रेमेन्सिस’मध्ये फ्रान्समधल्या रँसचा आर्चबिशप ल तेलिए लपलेला आहे. ‘बोर्बोनिकुस’ पॅरिसमधल्या एका राजवाड्यावरून. ‘फ्लोरेन्टाइन’ म्हणजे फ्लॉरेन्सला असलेलं. एखाद्याने तुकोबांची गाथा लंडनला नेऊन ठेवली आणि शंभर वर्षांनी सगळं जग तिला नेणाऱ्याच्या आडनावाने ओळखू लागलं तर आपल्याला कसं वाटेल, एवढाच प्रश्न आहे.

मेंदोसाच्या शेवटी स्पॅनिश टिपा लिहिणाऱ्याचं एक निवेदन आहे. ते वाचताना मला आपल्या पोथ्यांमधला नकलकार आठवला. तो म्हणतो, जहाजं निघायच्या जेमतेम दहा दिवस आधी हे माझ्या हाती आलं, ‘इंडियन’, म्हणजे तिथल्या मूळच्या, लोकांचं आपसात एकमत व्हायला उशीर झाला, त्यामुळे घाईत लिहावं लागलं, भाषा ओबडधोबड आहे ती चालवून घ्या. दोष नको, तोच सूर. पण यातून नकळत एक गोष्ट कळते. चित्रांचा अर्थ काय यावर जाणत्या माणसांची चर्चा झाली, मतभेद झाले, वेळ लागला. म्हणजे पुस्तक आधी चित्रांत लिहून झालं होतं. स्पॅनिश मजकूर ही त्यावरची घाईची टीप. आज आपण ती टीप वाचतो आणि मूळ मजकुराला ‘सोबतची चित्रं’ म्हणतो.

याहून ठळक उदाहरण साआगुनचं. बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन पाद्र्याने नाहुआ जीवनाचा १२ भागांचा कोश नाहुआत्ल आणि स्पॅनिश भाषांत सिद्ध केला. आज उपलब्ध असलेली सचित्र प्रत १५७७च्या सुमाराला पुरी झाली. ती फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे आणि २०२३पासून गेटी संस्थेने ती सगळ्यांना नेटवर खुली केली आहे. साआगुन कद्रू माणूस नव्हता. प्रस्तावनेत त्याने आपल्या नाहुआ सहकाऱ्यांची नावं दिली: लॅटिन जाणणारे आंतोनिओ बालेरियानो, आलोन्सो बेखेरानो, मार्तीन हाकोबिता, पेद्रो दे सान ब्वेनाबेंतुरा. सुवाच्य अक्षरात प्रती काढणाऱ्यांची नावंही दिली: दिएगो दे ग्रादो, बोनिफासिओ माक्सिमिलियानो, मातेओ सेबेरिनो. आणि दोन हजारांवर चित्रं काढणाऱ्यांपैकी? एकही नाही. अलीकडे कलेतिहासकार दियाना मागालोनी यांनी हातांची वळणं तपासून बावीस वेगवेगळे चित्रकार ओळखले आहेत. बावीस हात, नाव कुणाचंच नाही.

बरं, याच ग्रंथाच्या दहाव्या भागात त्लाकुइलोचं वर्णन आहे. तो शाईचा धनी, कोळशाने रेखाटणारा, रंग वाटून विरघळवणारा. चांगला त्लाकुइलो रंगांची पारख असणारा, सावल्या टाकणारा, पाय, चेहरा, केस बरोबर घडवणारा. वाईट त्लाकुइलो रंग मारून टाकणारा, तिरकं काढणारा, फसवा. धंद्याच्या कसोट्या इतक्या नेमक्या शब्दांत लिहून ठेवणाऱ्या समाजाला आपल्या चित्रकारांची किंमत नव्हती असं कसं म्हणायचं?

हा कोश लिहून होत असताना, १५७६ साली, मेक्सिकोत भयंकर साथ आली. त्लातेलोल्कोच्या सांताक्रूझ विद्यालयात ही माणसं काम करत होती, आणि बाहेर गावंच्या गावं मरत होती. पुढच्या भागांकडे जाता जाता चित्रांतले रंग विरत जातात, नुसती काळी रेघ उरते. रंग मिळेनासे झाले, वेळ उरला नाही, माणसं गेली, कारणं सगळीच असतील. पण रेघ थांबली नाही. मी स्क्रीनवर ती पानं एकामागून एक सरकवत गेलो, तेव्हा नाव नसलेल्या त्या माणसांची ओळख मला पहिल्यांदा पटली.

त्याच विद्यालयात १५५२ साली औषधी वनस्पतींचं एक सुंदर पुस्तक तयार झालं. वैद्याचं नाव आहे, मार्तीन दे ला क्रूझ. लॅटिन भाषांतर करणाऱ्याचं नाव आहे, हुआन बादियानो. दोघेही नाहुआ. १९९० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी हे पुस्तक मेक्सिकोला परत दिलं, तेव्हा ही दोन नावं पुन्हा जगभर गेली. मुळांपासून फुलांपर्यंत प्रत्येक झाड ज्याने रंगवलं, तो तिसरा माणूस मात्र पुन्हा बाहेरच राहिला. बोलणारा आणि अक्षरं लिहिणारा तेवढा कर्ता, हा नियम इथेही चुकला नाही.

आता यावरची उत्तरं मला ठाऊक आहेत. पहिलं असं की ही चित्रंच आहेत, लिपी नाही, मग ‘लेखक’ कसला. हे मत बराच काळ लिपीच्या इतिहासांत प्रतिष्ठित होतं. पण १८४९मध्येच फ्रेंच अभ्यासक ओबँने नाहुआ चिन्हांत अक्षरध्वनी दाखवून दिले होते, आणि २००८मध्ये अल्फोन्सो लाकादेना या लिपितज्ज्ञाने त्यांची व्यवस्थित बाराखडीच मांडली. गावांच्या नावांत दातांचं चित्र आलं तर ते बहुधा दात नसतात, ‘त्लान’ हा उच्चार असतो. निशाण काढलं तर तो ‘पान’. सोळाव्या शतकातल्या पाद्र्यांनी एक गंमत नोंदवली आहे: नव्याने ख्रिस्ती झालेले लोक ‘पातेर नोस्तेर’ ही लॅटिन प्रार्थना पाठ करायला निशाण, दगड, निवडुंगाचं बोंड आणि पुन्हा दगड काढत. पान, ते, नोच, ते. परक्या भाषेतला आवाज चिन्हांत पकडणं ही लिपीचीच करामत.

आणि व्यवहारात तर या चित्रांना लेखाचा दर्जा स्पॅनिशांनीच दिला होता. वेशोत्सिंको गाव १५३१मध्ये वसाहतीच्या सत्ताधाऱ्यांविरुद्धच्या, जास्तीची वसुली केली म्हणून लावलेल्या, फिर्यादीत सामील झालं. त्यात पुरावा म्हणून सालीच्या आणि घायपाताच्या कागदावरची आठ चित्रपत्रं दाखल झाली. प्रकरण स्पेनपर्यंत गेलं, आणि १५३८मध्ये राजाने वसुलीचा दोन-तृतीयांश भाग परत करा असा हुकूम दिला. न्यायालयात जे कागदपत्र म्हणून चाललं ते संग्रहालयाच्या दारात आलं की ‘लोककला’ होतं!

त्याच वेशोत्सिंकोची १५६०ची शिरगणती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. करदात्यांची डोकी ओळीने काढलेली, डोक्याशेजारी चिन्हांत नाव, आणि कारागिरांच्या याद्यांत धंद्याची खूण. त्यात त्लाकुइलोही आहेत, आपल्या नावांनिशी. म्हणजे कर वसूल करायचा होता तेव्हा चित्रकाराला नाव होतं. पुस्तकाचं श्रेय द्यायची वेळ आली तेव्हा ते हरवलं. हे वाचल्यापासून ‘अनामिक कलावंत’ हा शब्दप्रयोग मला सहन होत नाही. अनामिक ते नव्हते, नोंद करणाऱ्याने त्यांना अनामिक केलं.

दुसरं उत्तर जास्त वजनाचं आहे. सही करायची त्यांची रीतच नव्हती, काम सामूहिक होतं, तेव्हा कर्त्याची कल्पना त्यांच्यावर लादणं हीच परकी गोष्ट. यात तथ्य आहे. पण शेजारच्या मायांकडे बघितलं की ते पुरं पडत नाही. तिथेही ‘त्स-इब’ या एकाच शब्दात लिहिणं आणि रंगवणं दोन्ही येतं, आणि माया चित्रकारांनी काही भांड्यांवर आपली नावं घातली आहेत. शिवाय सामूहिक कर्तृत्व हेही कर्तृत्वच. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वराहदेव या मंत्र्याने आपल्या दानाचा लेख कोरून घेतला. भिंती रंगवणाऱ्यांचं नाव नाही, पण म्हणून ती चित्रं वराहदेवाची असं आपण म्हणत नाही. त्या भिंतींना आपण गावाचं नाव दिलं आणि निदान मालकाचं टाळलं.

मेंदोसाच्या बाबतीत तर एका माणसाचा मागही आहे. १५४७च्या सुमाराच्या एका चौकशीत एका स्पॅनिश वसाहतकाराने साक्ष दिली की सहाएक वर्षांपूर्वी त्याने चित्रकारांचा उस्ताद फ्रान्सिस्को ग्वालपुयोग्वाल्काल याच्याकडे एक पुस्तक पाहिलं होतं, व्हाइसरॉयच्या सांगण्यावरून चाललेलं, शहराच्या स्थापनेचं आणि राजांचं. हेच ते पुस्तक असावं असं काही अभ्यासकांना वाटतं, काहींना नाही. व्हाइसरॉयने काम करवून घेतलं हाही अंदाजच आहे. पण एका अंदाजाला मुखपृष्ठ मिळालं आणि दुसऱ्याला तळटीप.

मग या ग्रंथांची नावं बदलायची का? मार्टेन यान्सेन आणि गाबिना आउरोरा पेरेझ हिमेनेझ या अभ्यासकांनी २००४मध्ये तसा प्रस्ताव मांडला, आणि ‘बोर्जिया’साठी ‘योआल्ली एएकात्ल’, म्हणजे रात्र आणि वारा, अशी देशी नावं सुचवली. पेरेझ हिमेनेझ स्वतः मिश्तेक या तिथल्या देशी भाषेच्या भाषक आहेत, त्यामुळे त्या मागणीला नैतिक वजन आहे. २०१८मध्ये मेक्सिकोने आणखी एक पाऊल टाकलं: ज्या माया ग्रंथाला न्यूयॉर्कच्या एका क्लबवरून ‘ग्रोलिए’ म्हणत, तो अस्सल असल्याचं जाहीर करून त्याचं नाव ‘मेक्सिकोचा माया ग्रंथ’ ठेवलं. हे मला पटतं. पण सरसकट नामांतर मला पटत नाही. आपल्या राज्यात नामांतरांचा अनुभव सगळ्यांना आहे. पाटी बदलली की काम झालंसं वाटतं आणि आतली फाइल तशीच राहते. विद्वानांनी सुचवलेलं नवं देशी नाव मूळचं असेलच याची खात्री नसते. आणि शे-दीडशे वर्षांचे संदर्भ तुटतात, त्याचा त्रास परदेशी प्राध्यापकाला कमी आणि गावातल्या शाळेत शिकणाऱ्या नाहुआ मुलीला जास्त.

माझी मागणी लहान आणि कंटाळवाणी आहे, सूचीकाराला शोभेल अशी. नाव तेच ठेवा, ‘कर्ता’चा रकाना भरा. तिथे ‘अज्ञात’ लिहू नका, मेंदोसा किंवा साआगुन एवढंच लिहून थांबू नका. ‘मेक्सिको शहरातले त्लाकुइलो, १५४०चं दशक’ असं लिहा, हात वेगळे ओळखू आले असतील तर किती ते लिहा, संभाव्य नाव असेल तर ते प्रश्नचिन्हासह लिहा. आता शोध सगळा नेटवर होतो. रकान्यात जे भरलं नाही ते शोधणाऱ्याच्या दृष्टीने जगात नसतंच. ‘त्लाकुइलो’ हा शब्द टाकल्यावर हे सगळे ग्रंथ एका यादीत समोर आले पाहिजेत. याला मोर्चा लागत नाही. दोन-चार ग्रंथालयांच्या बैठका लागतात, आणि म्हणूनच बहुधा ते राहून जातं.

नाव घेतल्याने भानगडी होतात, हेही खरं. १५५६च्या सप्टेंबरात फ्रान्सिस्को दे बुस्तामांते या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने मेक्सिको शहरात भर प्रवचनात सांगितलं की ग्वादालूपेच्या मातेची, म्हणजे मेरीमातेची, जी प्रतिमा लोक पूजतात ती मार्कोस नावाच्या इंडियन चित्रकाराने काढलेली आहे. खळबळ उडाली. आर्चबिशपने लगेच चौकशी बसवली. भाविकांच्या श्रद्धेप्रमाणे ती प्रतिमा माणसाच्या हातची नाहीच, आणि त्या श्रद्धेशी मला भांडायचं नाही. पण त्या काळच्या नाहुआ चित्रकारांपैकी ज्या थोड्यांचं नाव आजही लोकांच्या तोंडी आहे त्यात हा मार्कोस आहे, आणि तो उरला तो वाद झाला म्हणून.

स्पॅनिशांनी जाळपोळ केली हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, १५६२मध्ये दिएगो दे लांदाने मानी गावात माया ग्रंथांची होळी केली. पण त्याआधी शंभरावर वर्षं इत्स्कोआत्ल या अ‍ॅझटेक राजानेही जुने चित्रग्रंथ जाळायला लावले होते, सामान्यांनी ते वाचणं बरं नाही म्हणून. साआगुनच्याच कोशात ही हकीकत आहे. त्लाकुइलोला आपल्या माणसांचीही तितकीच भीती होती. हे सांगायचं कारण, रकाना रिकामा ठेवण्याचं सगळं पाप एकट्या युरोपच्या खाती घालणं सोपं आहे, आणि माझा तक्ता तर पुण्यात छापलेला होता.

‘तेलेरियानो-रेमेन्सिस’च्या ३०व्या पानावर वित्सिलिवित्ल राजाशी जोडलेली एक स्त्री आहे. तिच्या हातात लेखणी आहे. आजूबाजूच्या राजांना नावं आहेत, साली आहेत. तिच्याजवळ कुणीतरी स्पॅनिशमध्ये दोनच शब्द लिहिले आहेत: ‘ला पिंतोरा’, चित्रकार बाई. त्या दोन शब्दांच्या आधाराने रकाना भरता येतो.